पिशवीवरचे वचन

मृग निघाला की जालना जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांवर कापसाच्या बियाण्याची पिशवी हातोहात फिरू लागते. कितीतरी वर्षे या पिशवीचे माप ठरलेले होते. आत ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि सोबत १२० ग्रॅमचे एक छोटे पाकीट, त्यात साधे, बिगर-बीटी बी. पुढच्या बाजूला बोंडांनी लगडलेल्या झाडाचे चित्र, मागे बारीक अक्षरांत लॉट क्रमांक, उगवणीची टक्केवारी, वैधतेची तारीख. घेणारा शेतकरी पिशवी उलटीपालटी करून पाहतो. बैलाचे दात बघून वय सांगणारा, मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन दाणा कसा भरलाय ते ओळखणारा हा माणूस. पण या पिशवीपुढे त्याची पारख चालत नाही. बी कसे निघाले हे त्याला वेचणीच्या वेळी कळणार. तेव्हाही दोष बियाण्याचा, पावसाचा, जमिनीचा की किडीचा, हे त्याला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पैसे आज मोजायचे आणि माल खरा की खोटा हे काही महिन्यांनी, तेही अर्धवट कळायचे, असा हा सौदा आहे. अशाच घरांतली मुले-मुली मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ला नाव घालतात आणि त्यांच्या हाती विपणनाची पहिली पुस्तिका पडते. त्या पुस्तिकेत जी विद्या आहे ती धर्माला धरून आहे का, हा प्रश्न मला या पिशवीपाशी उभे राहूनच विचारावासा वाटतो. धर्म म्हणजे इथे पूजाअर्चा नव्हे. माणसाने माणसाशी कसे वागावे याचा जो शेवटचा निकष, तो.

आधी ही विद्या घरापर्यंत पोचते कशी ते पाहू. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. सळईच्या कारखान्यात पाळी करणारा, मोंढ्यात दिवाणजीचे काम पाहणारा, लग्नानंतर शिक्षण सुटलेली, अशांना रोज वर्गात बसणे शक्य नसते. त्यांच्यासाठी ही सोय. पुस्तिका घरी वाचायची, अभ्यास केंद्रावर संपर्क सत्राला जायचे, स्वाध्याय लिहायचे, परीक्षा द्यायची. विपणनाच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात ठरावीक गोष्टी असतात. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेली चौकडी, म्हणजे वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी. फिलिप कोटलर यांच्या व्याख्या. आणि थिओडोर लेव्हिट यांनी त्याच १९६० साली सांगितलेला विक्री आणि विपणन यांतला फरक : विक्री आपल्याकडच्या मालापासून सुरू होते, विपणन गिऱ्हाइकाच्या गरजेपासून. आपल्याकडे बोलताना ‘तो नुसती मार्केटिंग करतो’ असे म्हटले की अर्थ होतो, तो स्वतःची टिमकी वाजवतो. पुस्तक नेमके उलटे सांगते. आधी समोरच्याचे ऐक, त्याला काय हवे ते समजून घे, मग माल बनव. हे वाक्य धंद्याच्या पुस्तकात आले असले तरी ते धंद्यापुरते नाही. दुसऱ्याची गरज स्वतःच्या सोयीच्या आधी ठेवावी, असा नीतीचा दावा त्यात आहे. विद्यार्थी तो पाठ करतो, पण हा दावा खरा करायचा तर काय करावे लागेल, हे बहुधा पुस्तिका विचारत नाही आणि परीक्षाही विचारत नाही.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. मनुस्मृतीत उपजीविकेच्या मार्गांना नावे दिली आहेत. त्यांत वाणिज्याचे नाव आहे ‘सत्यानृत’. खरे आणि खोटे यांची भेसळ. त्या ग्रंथातल्या अनेक गोष्टी आज मान्य होण्याजोग्या नाहीत, पण या एका शब्दात व्यापाराचे वर्णन अचूक झाले आहे. तो व्यापाराला पाप म्हणत नाही आणि पुण्यही म्हणत नाही. त्यात खोट्याला कायम जागा असते एवढे सांगतो. त्याच्या शेजारी महाभारताच्या शांतिपर्वातली तुलाधाराची कथा ठेवावी. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटेत घरटे केले, पिल्ले वाढली, उडून गेली. आपल्यासारखा धर्मात्मा दुसरा नाही असे त्याला वाटू लागले, तेव्हा अदृश्य वाणीने त्याला काशीच्या एका वाण्याकडे पाठवले. तुलाधार त्याचे नाव. तो रस, गंध, औषधी अशा वस्तू विकतो, मद्य विकत नाही, मालात कपट करत नाही, आणि त्याचा तराजू सगळ्यांना सारखा असतो. तपस्वी वाण्याच्या दुकानात उभा राहून धर्म ऐकतो. मला या कथेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की तुलाधार दुकान सोडून जात नाही. त्याचा धर्म दुकानातच आहे, तराजूच्या दांडीत आहे. सत्यानृतातले अनृत त्याने वेगळे काढले आणि व्यापार चालू ठेवला. म्हणजे ते वेगळे काढता येते.

आता पहिला आक्षेप, आणि तो सर्वांत जुना आहे. विपणन माणसाची हाव वाढवते, नसलेली गरज निर्माण करते. तृष्णा हे दुःखाचे मूळ असेल तर तृष्णा पिकवण्याचे शास्त्र कुणी का शिकावे? पश्चिमेत हाच आक्षेप जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८च्या त्यांच्या पुस्तकात अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला. हेच गॅलब्रेथ पुढे १९६१ ते १९६३ भारतात अमेरिकेचे राजदूत होते. त्यांचे म्हणणे असे, की जी यंत्रणा वस्तू बनवते तीच त्या वस्तूची इच्छाही बनवत असेल, तर ती इच्छा पुरी केली म्हणून यंत्रणेने पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. त्याला फ्रीडरिख हायेक यांनी १९६१ साली उत्तर दिले. पोटाची भूक सोडली तर माणसाच्या बहुतेक सगळ्या इच्छा दुसऱ्याकडून शिकलेल्या असतात. साहित्य वाचण्याची इच्छाही शिकलेलीच. म्हणून ती खोटी ठरत नाही. या वादात मी हायेक यांच्या बाजूला झुकतो, आणि त्याचे कारण मला आपल्या कीर्तनात सापडते. नामाची गोडी कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. कीर्तनकार ती लावतो. टाळ, चिपळी, आख्यान, विनोद, सगळी साधने वापरून तो श्रोत्यांच्या मनात आधी नसलेली ओढ जागी करतो. इच्छा निर्माण करणे हाच दोष असेल तर तो दोष कीर्तनकारालाही लावावा लागेल, आणि शाळा सुरू करणाऱ्यालाही. तेव्हा दोष दुसरीकडे शोधला पाहिजे.

संतांच्या नावाने हा आक्षेप घेणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी झाला. प्रपंच सोडून परमार्थ करू पाहणाऱ्याला त्यांच्या दासबोधात थारा नाही. आधी प्रपंच नीट सांभाळ, असाच त्यांचा आग्रह आहे. तुकोबांच्या घरी वाण्याचा धंदा होता. १६३०च्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. ही आठवण बारकाईने पाहिली तर तुकोबांनी वजनमापे नदीत टाकली नाहीत. दुष्काळात होरपळलेल्या माणसावर आपला जो हक्क होता, तो त्यांनी सोडला. त्यांचे वैराग्य दुसऱ्याची अडचण पाहून आलेले होते. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, पिढीभर जपलेली झाडे लोकांनी तोडून सरपण केले. त्यातून उठून पुन्हा बियाणे, ठिबकच्या नळ्या, औषधे घ्यायला निघालेल्या माणसाला तृष्णेवरचा उपदेश देणे मला क्रूर वाटते. त्याची गरज खरी आहे. त्या खऱ्या गरजेशी विकणारा कसा वागतो, हा प्रश्न आहे.

या ठिकाणी अर्थशास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत केलेले एक काम नीतिशास्त्राच्या फार उपयोगी पडते. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली मालाचे दोन प्रकार वेगळे केले : घेण्याआधी पाहून कळतो तो, आणि वापरल्यावर कळतो तो. १९७३ साली डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा जोडला : वापरल्यावरही नीट कळत नाही, नुसता विश्वास ठेवावा लागतो तो. आठवडी बाजारातली मेथीची जुडी पहिल्या प्रकारची. सायकल दुसऱ्या प्रकारची. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी तिसऱ्या प्रकारची. ती खरेच लागत होती का, हे रुग्णाला शेवटपर्यंत कळत नाही. बियाणे वरवर पाहता दुसऱ्या प्रकारचे, पण कोरडवाहू शेतात ते तिसऱ्यात जाते, कारण पीक बिघडण्याची दहा कारणे एकाच वेळी हजर असतात. जालन्याला हे अधिक लागू आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्याची कंपनी इथे सुरू केली, १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला, आणि बियाण्याच्या धंद्यामुळे जालन्याचे नाव देशभर गेले. ज्या जिल्ह्यातून बियाणे बाहेर जाते त्याच जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी दुकानासमोर मात्र इतर कुणाइतकाच अजाण असतो. मोसंबीच्या वेळी अज्ञानाची दिशा तीच राहते, भूमिका तेवढी बदलते. बाग उक्ती देताना दूरच्या बाजारात भाव काय आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, झाडाखाली उभ्या असलेल्या मालकाला नसते. घेताना तो कमी जाणतो आणि विकतानाही कमी जाणतो.

तिथे माझा मुद्दा येतो. गिऱ्हाइकाला जे तपासता येते त्याच्या विक्रीत वस्तू दिली की काम संपते. जे तपासता येत नाही त्याच्या विक्रीत वस्तूबरोबर एक वचनही दिले जाते, आणि घेणारा खरे तर त्या वचनाचेच पैसे मोजतो. समोरच्याचे अज्ञान जितके मोठे, तितके ते वचन जड. विपणनाचा खरा पहिला प्रश्न ‘गिऱ्हाइकाला काय हवे आहे’ हा नसून ‘मला माहीत असलेले आणि त्याला माहीत नसलेले काय आहे’ हा असायला हवा. जुन्या जगालाही हे ठाऊक होते. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर लिहिताना एक कोडे घातले. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन येतो. वाटेत त्याने धान्याची आणखी गलबते इकडेच येताना पाहिली आहेत. हे त्याने गिऱ्हाइकांना सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? यावर सिसेरो दोन तत्त्वज्ञांची मते देतो. बॅबिलोनच्या डायोजेनिसचे मत, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे; कायद्याने सांगायचे तेवढे सांगावे. अँटिपॅटरचे मत, घेणाऱ्याला सगळे कळले पाहिजे. सिसेरोचा कौल, त्या व्यापाऱ्याने लपवायला नको होते. आपल्याकडे बौद्ध जातकातली सेरिवा राज्यातल्या दोन फेरीवाल्यांची कथा याहून बोलकी आहे. एके काळी श्रीमंत असलेल्या घरातली आजी आणि नात काळवंडलेली वाटी देऊन एखादा दागिना घेऊ पाहतात. वाटी सोन्याची आहे हे त्यांना माहीत नाही. पहिला फेरीवाला सुईने ओरखडा काढून पाहतो, सोने ओळखतो, ‘याला काही किंमत नाही’ म्हणून ती फेकतो आणि नंतर फुकटात न्यायला येईन म्हणून निघून जातो. दुसरा येतो आणि सांगतो, आजी, ही लाखाची आहे, एवढे पैसे माझ्याजवळ नाहीत. मग तो असेल ती सगळी रोकड आणि माल देऊन टाकतो. स्वतःजवळ ठेवतो फक्त आठ नाणी, तराजू आणि पिशवी.

दोघांनाही सोने दिसले होते. ज्ञान दोघांचे सारखे. फरक एवढाच की एकाने ज्ञानाचा उपयोग समोरच्याचे अज्ञान टिकवण्यासाठी केला, दुसऱ्याने ते अज्ञान मिटवले. आज आपण बाजाराचा अभ्यास, ग्राहकवर्तन, बाजारपेठेचे विभाजन असे शब्द शिकतो ते सगळे त्या सुईसारखे आहेत. सुई कशासाठी वापरायची हे सुई सांगत नाही. ही कथा दख्खनला परकी नाही. याच जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात पैठण-उज्जैन मार्गावरचे व्यापारी गाव. तिथल्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, आणि भोगवर्धनच्या दात्यांची नावे सांची-भरहुतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीतले लोक दूरच्या, कधी न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला माल पाठवत होते. घेणाऱ्याला कारागीर दिसत नव्हता, कारागिराला घेणारा. मधल्या सगळ्या अंतरात विश्वासावाचून दुसरे काहीच चालले नसते.

आता पुन्हा पिशवीकडे. बोंडअळीला मारण्याचा गुण असलेल्या बीटी कापसाला भारतात २००२ साली मान्यता मिळाली. पिशवीतल्या त्या १२० ग्रॅमच्या छोट्या पाकिटाला आश्रय पिकाचे बियाणे म्हणत. शेताच्या कडेने साधा कापूस लावला की बोंडअळीला तिथे बिनधोक वाढता येते. अशा अळ्यांचे पतंग बीटीवर जगलेल्या थोड्या पतंगांशी जोडी करतात आणि पुढच्या पिढीत बीटी पचवण्याची ताकद लवकर पसरत नाही. मोठ्या पिशवीचा गुण टिकणे या छोट्या पाकिटावर अवलंबून होते. पुष्कळ शेतकऱ्यांनी ते पाकीट लावले नाही; जागा कशाला अडवायची म्हणून बाजूला ठेवले किंवा फेकून दिले. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला, तोपर्यंत या अळीने बीटीला दाद देणे थांबवले होते. त्याला कारणे अनेक होती, लांबलेला हंगाम, लागोपाठ घेतलेले तेच ते पीक, आणि आश्रय पीक न लावणे हे त्यांतले एक. यात फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. पाकीट पिशवीत होते, सूचनाही छापलेली होती. पण जाहिरात भरघोस बोंडांची झाली, छोट्या पाकिटाची झाली नाही. विकणाऱ्याला ज्याचे महत्त्व ठाऊक होते आणि घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, ते बारीक अक्षरांत राहिले. डायोजेनिसच्या मापाने हे चालते. अँटिपॅटरच्या आणि त्या दुसऱ्या फेरीवाल्याच्या मापाने चालत नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, नीती कशाला, कायदा आहे. आहेच. बियाणे अधिनियम १९६६चा आहे, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६चा, नवा २०१९चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो असे ठरवले. त्या निकालातला एक मुद्दा इथे सांगण्यासारखा आहे. बियाणे सदोष होते हे प्रयोगशाळेत तपासून सिद्ध व्हायला हवे, असा बचाव होता. न्यायालयाचे म्हणणे, शेतकऱ्याने तपासणीसाठी थोडे बी राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही. तो घेतलेले सगळे बी पेरतो. पुरावा मातीत गेलेला असतो. कायद्याने शेतकऱ्याचे हे हतबलपण ओळखले, ही मोठी गोष्ट आहे. पण कायदा नुकसान झाल्यावर येतो, तारखा घेतो, आणि लेबलावरचे खोटे त्याला पकडता येते, काउंटरवरचे मौन पकडता येत नाही. ‘अमुक जात तुमच्या हलक्या रानात टिकणार नाही’ हे दुकानदाराने सांगितले नाही म्हणून त्याच्यावर खटला होत नाही. ते सांगणे त्याच्या स्वभावातून आणि शिक्षणातून यावे लागते.

दुसरा व्यवहारी आक्षेप जास्त वजनदार आहे. तो म्हणतो, प्रामाणिकपणा फायद्याचाच असतो. फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून विपणनाचे पुस्तक स्वतःच प्रामाणिकपणा शिकवते, धर्म वेगळा आणायला नको. कांट यांनी १७८५ साली याच दुकानदाराचे उदाहरण घेतले होते. दुकानदार अनुभव नसलेल्या गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, लहान मूलही त्याच्याकडे इतरांच्याच भावाने घेऊ शकते. वागणे योग्य, पण धंदा टिकावा म्हणून वागला असेल तर त्यात नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतात. मोठ्या वाचकवर्गाला हा भेद सूक्ष्म आणि निरुपयोगी वाटतो. वर्तन तेच असेल तर हेतूने काय फरक पडतो? मला वाटते, वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या मालात तो फरक लगेच बाहेर येतो. मेथीची जुडी शिळी निघाली तर बाई पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाते. इथे फायदा आणि प्रामाणिकपणा एका वाटेने चालतात. पण बी खराब निघाले तर शेतकरी पावसाला दोष देतो, स्वतःच्या नशिबाला देतो, आणि पुढच्या मृगाला त्याच काउंटरवर येतो, अनेकदा उधारीमुळे त्याला तिथेच यावे लागते. फसवणाऱ्याला शिक्षा होत नाही, कारण फसल्याचे कळतच नाही. बाजार स्वतःला जिथे सुधारू शकत नाही, नेमके तिथेच फायद्यासाठी पाळलेला प्रामाणिकपणा गळून पडतो आणि कर्तव्य म्हणून पाळलेला उरतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवले, की घेणाऱ्याला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच सरासरी भाव देतो, आणि चांगला माल विकणारा बाजारातून उठतो. म्हणजे खोट्याचे नुकसान खऱ्यालाही सोसावे लागते. तुलाधार एकटा पडतो, आणि तरीही त्याने तराजू सरळ धरायचा असतो. हे कुठल्याही नफ्या-तोट्याच्या हिशेबातून निघत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो या शिक्षणपद्धतीवरच आहे. असे काही पुस्तिकेतून, गुरूवाचून, दुरून शिकवता येते का? टपालाने आलेली पुस्तिका व्याख्या देईल. सचोटी कशी देईल? या आक्षेपात तथ्य आहे. श्रवण, मनन, निदिध्यास हा आपला जुना क्रम आहे आणि त्याची सुरुवात ऐकण्यापासून, म्हणजे समोर कुणी असण्यापासून होते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचे श्रवण तुटपुंजे असते, संपर्क सत्रांपुरते. शिवाय हा अभ्यासक्रमही तिसऱ्या प्रकारचाच माल आहे. प्रवेश घेताना त्याची पारख करता येत नाही, आणि पदवीने काय दिले हे वर्षांनंतरही नीट सांगता येत नाही. ‘घरबसल्या पदवी’ अशा फलकांपुढे उभा असलेला विद्यार्थी बियाण्याच्या काउंटरवरच्या त्याच्या वडिलांच्याच जागी उभा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही हे पाहणे म्हणजे लेबल वाचणे. त्यापुढचे सगळे वचन. म्हणून मुक्त शिक्षण देणाऱ्या प्रत्येकावर मी तीच अट घालेन जी बियाणेवाल्यावर घातली. तुम्हाला माहीत असलेले आणि विद्यार्थ्याला माहीत नसलेले जे आहे, ते आधी मोठ्या अक्षरांत सांगा.

पण या आक्षेपाचा उरलेला भाग मला पटत नाही. वर्गात बसणाऱ्या मुलाला जे मिळत नाही ते या विद्यार्थ्याजवळ असते. तो विपणन शिकतो तेव्हा स्वतः त्याच बाजारात उभा असतो. मनन करायला त्याला उदाहरण शोधावे लागत नाही; ते ओसरीवरच्या कोनाड्यात, रिकाम्या पिशवीच्या रूपात पडलेले असते. मॅकार्थींच्या चौकडीवर टीप लिहा, या प्रश्नाऐवजी स्वाध्यायात असे विचारता येईल : घरात या हंगामात आलेल्या बियाण्याच्या किंवा औषधाच्या एका वेष्टनावरचा सगळा मजकूर वहीत उतरवा, त्यातले घरातल्या कुणाला समजले आणि कुणाला नाही ते लिहा, दुकानदाराने तोंडी काय सांगितले ते लिहा, आणि जे सांगायला हवे होते पण कुणीच सांगितले नाही, ते एका परिच्छेदात, आईला कळेल अशा मराठीत लिहा. हा स्वाध्याय परळीत बसून करता येईल, परतूरला करता येईल, गुरू समोर नसताना करता येईल. तो करणाऱ्याला ‘ग्राहकाभिमुखता’ या शब्दाचा अर्थ पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

त्यानंतरचा प्रश्न त्याला स्वतःकडे वळवावा लागेल, कारण तो नेहमीच घेणारा राहणार नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे आता ‘जालन्याची मोसंबी’ हे नुसते वर्णन नाही, जिल्ह्याच्या नावाने दिलेले वचन आहे. दुसऱ्या शहरात फळ घेणाऱ्या बाईला जालन्याच्या की दुसऱ्या जिल्ह्याच्या, कुठल्या मातीतले फळ आहे हे ओळखता येत नाही. ती नावावर पैसे देते. अज्ञान आता तिच्या बाजूला आहे आणि ज्ञान बागवाल्याच्या. तोडणी झाली आहे, झाडांखाली ढीग पडले आहेत, टपोरी फळे एकीकडे, बारीक आणि डागी दुसरीकडे, आणि भरायला रिकामे कॅरेट समोर आहे. तळाशी कुठली घालायची आणि वर कुठली, हे त्याला ठरवायचे आहे.